‘म्हणजे’, ‘नक्कीच’ आणि ‘या ठिकाणी’

समोरचा माणूस दर दोन वाक्यांमागे ‘बेसिकली’ म्हणतो. सभेतला वक्ता ‘या ठिकाणी’ म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. फोनवरची मैत्रीण ‘तुला सांगते’ म्हणते आणि मगच सांगायला लागते. बातम्यांमधला वार्ताहर कुठल्याही प्रश्नाला आधी ‘नक्कीच’ म्हणतो आणि उत्तर त्यानंतर शोधतो. असा एखादा शब्द कानाला खुपला की मजकूर बाजूला पडतो आणि आपण त्या शब्दाचीच वाट पाहत बसतो. घरात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत या सवयींच्या नकला होतात. कधी कधी त्यावरून माणसाला कायमचं टोपणनावही चिकटतं.

या सवयींवर आपण चिडतो भरपूर, विचार मात्र थोडाच करतो. त्यामुळे अडखळणाऱ्याचा ‘अं’, आजीचं ‘जळलं मेलं’, कॉलेजातल्या मुलीचं ‘लाइक’ आणि पुढाऱ्याचं ‘निश्चितपणे’ हे सगळं एकाच माळेत ओवलं जातं. खरं तर या चार गोष्टी चार जातींच्या आहेत. भाषाशास्त्रात आणि मानसशास्त्रात गेल्या तीस-चाळीस वर्षांत यावर पुष्कळ काम झालं आहे, आणि आपल्या परंपरेतही या शब्दांची दखल फार पूर्वीपासून घेतलेली आहे. ते सगळं एकत्र ठेवून पाहिलं की मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपला राग बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो. जे शब्द ऐकणाऱ्याला सोबत घेऊन चालतात त्यांची आपण चेष्टा करतो, आणि जे शब्द ऐकणाऱ्याची फसवणूक करतात त्यांना सभ्य, भारदस्त मराठी समजून मान देतो.

आधी साधा ‘अं’ घेऊ, कारण सगळ्यात जास्त बदनामी त्याचीच आहे. दोन माणसं बोलत असतात तेव्हा एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत किती वेळ जातो, हे 2009 साली दहा भाषांमध्ये मोजलं गेलं. त्यात जपानी होती, डॅनिश होती, लाओ होती. भारतातली मात्र एकही नव्हती. भाषेगणिक थोडाफार फरक दिसला, पण सरासरी निघाली सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आता दुसरी बाजू पाहा. डोळ्यांसमोरच्या साध्या चित्राचं नाव मनात जुळवून तोंडावर आणायलाच सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. अख्खं वाक्य जुळवायला त्याहून कितीतरी जास्त. हा हिशेब जमावा म्हणून समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण मनात वाक्याची जुळवाजुळव करत असतो, आणि कधी कधी पाळी येते तेव्हा ते तयार नसतं. त्या क्षणी गप्प बसलो तर समोरचा समजणार की याला काही बोलायचं नाही, आणि तो पुढे बोलू लागणार. ‘अं’ म्हणून आपण जागा धरून ठेवतो.

हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली इंग्रजी संभाषणांवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजीतला आखूड ‘अ’ आणि ओठ मिटून केलेला ‘अम्’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यामागून थोडा विलंब येतो, दुसऱ्यामागून मोठा, आणि बोलणारा हा फरक पाळतो. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. काहींच्या मते तो शब्द नसून मनाच्या धावपळीचं केवळ लक्षण आहे. पण ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, याबद्दल पुरावा चांगला आहे. 2004 सालच्या एका प्रयोगात असं दिसलं की बोलणारा वस्तूच्या नावाआधी अडखळला, की ऐकणाऱ्याची नजर आतापर्यंत उल्लेख न झालेल्या वस्तूकडे वळते. 2011 साली अशाच प्रकारचा प्रयोग लहान मुलांवर झाला, आणि दोन वर्षांच्या आसपासची मुलंही बोलणाऱ्याच्या अडखळण्यावरून ‘आता काहीतरी नवीन येणार’ हे ओळखतात असं आढळलं. वक्तृत्वाचे वर्ग ज्या आवाजाला हाकलून लावतात, तो लहानग्याला भाषा शिकताना मदत करू शकतो.

मला त्याहूनही आवडलेला अभ्यास 1991 सालचा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधक प्राध्यापकांच्या वर्गात जाऊन बसले आणि त्यांचे ‘अं’ मोजत राहिले. साहित्य, कला, तत्त्वज्ञान शिकवणारे सगळ्यात जास्त अडखळत होते, त्यांच्याखालोखाल समाजशास्त्रांचे, आणि रसायन-जीवशास्त्राचे सगळ्यात कमी. मग याच प्राध्यापकांना वर्गाबाहेर एकाच सामान्य विषयावर बोलायला लावलं, तेव्हा फरक मावळला. म्हणजे दोष माणसांचा नव्हता, विषयाचा होता. रेणूला रेणूच म्हणावं लागतं. चित्रातल्या उदासपणाला मात्र दहा शब्द समोर येतात आणि त्यातला एक निवडावा लागतो, आणि निवडायला वेळ लागतो. उत्तर पाठ असलेला माणूस अडखळत नाही. विचार करून बोलणारा अडखळतो. मौखिक परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीत आपण नेमकी उलटी समजूत करून घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घोकून आलेला मुलगा हुशार ठरतो आणि प्रश्न खरोखर मनात घेणारा ‘कॉन्फिडन्स कमी’ म्हणून मागे राहतो.

आता आपल्या व्याकरणाकडे येऊ. शाळेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मराठी व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययांच्या प्रकरणाच्या शेवटी दोन छोटे गट दिलेले असतात. एक ‘व्यर्थ उद्गारवाची’. त्यात आपला, बापडा, बेटे, म्हणे असे शब्द येतात. दुसरा ‘पादपूरणार्थक’ किंवा ‘पालुपदे’. त्यात बरं का, जळलं मेलं, आत्ता, कळलं अशी मंडळी. परीक्षेला बसणारी मुलं ही यादी पाठ करतात आणि हे शब्द अर्थहीन आहेत, अशी समजूत घेऊन बाहेर पडतात. कल्पना जुनी आहे. यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात निपातांचे, म्हणजे अव्ययांसारख्या छोट्या शब्दांचे, तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यातला तिसरा आहे केवळ पद पुरं करणाऱ्यांचा. वेदमंत्रांत छंद भरण्यासाठी येणाऱ्या कम्, ईम्, इद्, उ अशा चिमुकल्या शब्दांची त्याने नोंद केली. छंदाच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण रोजच्या बोलीत कुठला छंद पुरा करायचा असतो?

‘तो पैसे घेऊन गेला’ आणि ‘तो पैसे घेऊन गेला म्हणे’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिलं म्हणणारा साक्षीदार आहे, दुसरं म्हणणाऱ्याने फक्त ऐकलेलं आहे. व्याकरणाने व्यर्थ ठरवलेल्या ‘म्हणे’मुळे एका माणसाची अब्रू वाचते आणि दुसऱ्याची जबाबदारी हलकी होते. जगातल्या कित्येक भाषांमध्ये ‘ही माहिती मला कुठून मिळाली’ हे सांगणारे प्रत्यय असतात आणि भाषाशास्त्रज्ञ त्यांच्यावर ग्रंथ लिहितात. आपल्याकडे तेच काम करणारा शब्द निरुपयोगी म्हणून शिकवला जातो. ‘आपला’चंही तसंच. ‘तो कोपऱ्यात बसला होता’ ही माहिती झाली. ‘तो आपला कोपऱ्यात बसला होता’ यात तो कुणाच्या अध्यात ना मध्यात हे आलं, बोलणाऱ्याची माया आली, आणि त्याला कुणी बोलू नये अशी हलकीशी विनंतीही आली. ‘बापडा’ काढून टाकला तर वाक्य शुद्धच राहतं, फक्त कणव निघून जाते.

आणि ‘ना’. शाळेतून आलेलं पोर दारातच सुरू करतं: “आई, आज ना, शाळेत ना, आमच्या बाई ना...” या प्रत्येक ‘ना’पाशी पोर थांबतं, आईकडे बघतं, तिचा ‘हं’ आला की पुढे जातं. ‘हं’ आला नाही तर ते तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवतं. ‘सारखं ना ना काय करतोस, नीट सांग’ असं आपण दटावतो. पण ते नीटच सांगत असतं. ऐकणाऱ्याचं लक्ष आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय ते पुढचा शब्द खर्च करत नाही. पुष्कळ मोठ्या वक्त्यांना ही दृष्टी कधीच येत नाही.

मौखिक परंपरेत या ‘ना’ आणि ‘हं’ला रीतसर स्थान होतं. गोष्ट सांगताना हुंकार देणारा लागायचाच, आणि हुंकार थांबला की सांगणारा ओळखायचा की पोरं झोपली. पोवाड्यात शाहिरामागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात. त्या अवधीत शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ जुळते आणि श्रोत्यांना ऐकलेलं पचवता येतं. कीर्तनकार मध्येच विठ्ठलनामाचा गजर करवून घेतो, त्यात भक्ती तर असतेच, शिवाय निरूपणाचा पुढचा धागा हाती यायला अवकाशही मिळतो. जुन्या गद्यातही हे सापडतं. तेराव्या शतकाच्या अखेरचं लीळाचरित्र वाचताना ‘मग’ पदोपदी भेटतो, आणि त्या ‘मग’मुळेच कुणीतरी समोर बसून आठवून आठवून सांगतं आहे असं वाटत राहतं. ज्ञानदेव तर श्रोत्याला सतत हाक मारतात, त्याला मध्ये घेतात. ही सगळी वाक्याची ‘भर’ काढून टाका, ग्रंथ बारीक होईल आणि मुका होईल.

प्रदेशागणिक ही भर बदलते आणि माणूस कुठला ते सांगून जाते. वऱ्हाडात ‘बाप्पा’ आणि ‘राजेहो’, नागपुरात ‘बे’, जळगावकडे ‘भो’, सांगली-सोलापूरच्या बाजूला ‘लका’, कोल्हापुरात ‘भावा’ आणि वाक्याच्या शेवटी ठासून येणारा ‘की’, मालवणीत ‘गो’ आणि प्रेमाने दिलेली ‘मेल्या’ ही शिवी, गोव्याच्या कोंकणीत ‘मरे’. पुण्या-मुंबईत नोकरीला आलेली मुलं हे शब्द पहिल्या काही महिन्यांत गिळायला शिकतात. मग घरी फोन लावला की पहिल्याच वाक्यात ते परत येतात.

घरातल्या बोलण्यातला माझा सर्वांत आवडता प्रकार म्हणजे ‘हे’. “अगं, ते हे दे ना, त्या ह्याच्यावर ठेवलेलं.” स्वयंपाकघरातून हे वाक्य येतं आणि बाहेरची सून उठून फडताळावरची किसणी आणून देते. एकही नाम नाही, तरी काम होतं, कारण कढईत काय आहे, आज काय बेत आहे, किसणी कुठे असते हे दोघींना ठाऊक आहे. तेच वाक्य पाहुण्याला कळणार नाही. शब्द आठवत नाही म्हणून ‘हे’ येतं हे खरंच, पण ते चालतं फक्त तिथे, जिथे दोघांनी पुष्कळ दिवस एकत्र काढलेले असतात. याला आळस म्हणून हसण्यात काही अर्थ नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात नामांच्या जागी ‘हे’ अचानक फार वाढलं, माणसांची आणि रोजच्या वस्तूंची नावंही सुटू लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

मग खरी चीड कशाची यावी? माझ्या मते जिथे शब्द ऐकणाऱ्याकडे पाठ करून बोलले जातात, तिथे. वाहिन्यांवरचं हे रोजचं संभाषण घ्या. स्टुडिओतून प्रश्न जातो, “काय परिस्थिती आहे तिथे?” पलीकडून उत्तर येतं: “नक्कीच, जर आपण पाहिलं तर या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर पाऊस पडताना आपल्याला पाहायला मिळतोय आणि कुठेतरी नागरिकांमध्ये भीतीचं वातावरण देखील पाहायला मिळतंय.” मराठीत याला ‘इथे जोराचा पाऊस आहे, लोक घाबरलेत’ म्हणतात. गंमत म्हणून हे सोडून देता येत नाही. किती वाजल्यापासून पाऊस आहे, पाणी कुठवर चढलं, कोणता रस्ता बंद आहे, हे विचारून घ्यायची मेहनत त्या लांबलचक वाक्याने झाकली जाते. ‘कुठेतरी’ हा शब्द तर बातमीचा वैरी आहे. बातमीला गाव लागतं, वेळ लागते, माणूस लागतो. ‘कुठेतरी प्रशासन कमी पडलं’ म्हटलं की कोण, कधी, कशात, हे तिन्ही प्रश्न एका झटक्यात मिटतात. त्या वार्ताहरावर मी रागवत नाही. सकाळपासून पावसात उभं राहून दर अर्ध्या तासाला ‘लाइव्ह’ द्यायचं, नवीन काही घडलेलं नसताना मिनिटभर बोलायचं, तर तोंडाला हीच सवय लागणार. राग त्या व्यवस्थेचा आहे, जी माहितीपेक्षा आवाज चालू राहण्याला किंमत देते.

व्यासपीठावरचं ‘या ठिकाणी’ याच घरचं. “आज या ठिकाणी या कार्यक्रमाच्या निमित्ताने या ठिकाणी उपस्थित असलेल्या सर्व मान्यवरांचं मी या ठिकाणी स्वागत करतो.” बोलणाऱ्याला श्वास हवा असतो आणि शब्द जुळवायचे असतात, हे समजू शकतं. आजीलाही तेच हवं असतं. पण आजी ‘बरं का’ म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याकडे पाहते. ‘या ठिकाणी’ कुणाकडेच पाहत नाही. त्याचे भाऊबंद आणखी वाईट: ‘च्या माध्यमातून’, ‘च्या अनुषंगाने’, ‘निश्चितपणे प्रयत्न केला जाईल’, ‘जी काही कारवाई असेल ती’. गावात पाणी का आलं नाही, असं ग्रामसभेत कुणी विचारलं आणि ‘संबंधित यंत्रणेच्या माध्यमातून या ठिकाणी निश्चितपणे जी काही आवश्यक कार्यवाही असेल ती केली जाईल’ असं उत्तर मिळालं, तर त्यातून कर्ता गळलेला असतो, तारीख गळलेली असते आणि पाणी तर येणारच नसतं. हे अडखळणं नाही. हे शब्द सहज, अस्खलित, एका दमात येतात, म्हणूनच त्यांना कुणी भरताड म्हणत नाही. शाळेतली मुलं वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून सरांचे ‘म्हणजे’ मोजतात. गावकऱ्यांनी ग्रामसभेत ‘माध्यमातून’ मोजावेत असं मला फार वाटतं.

तरुणांच्या ‘लाइक’, ‘लिटरली’, ‘ॲक्चुअली’, ‘सो’ यांच्याबद्दल तक्रार मोठी आहे. दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली, शब्द परका असल्याची. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडी दुसऱ्या भाषेतून हे भरीचे शब्द सहज शिरतात, असं अनेक ठिकाणी दिसून आलं आहे, कारण ते वाक्याच्या बांधणीत अडकत नाहीत, कडेला बसतात. ‘बिलकूल’, ‘जरूर’, ‘शिवाय’ हे अरबी-फारसीतून आले तेव्हाही कुणाच्या तरी कपाळाला आठ्या पडल्या असतील. आज ते काढून मराठी बोलून दाखवा. न्यू जर्सीत वाढलेली मुलगी आजीशी मराठी बोलताना मध्ये ‘लाइक’ घालते, तेव्हा आजीने ‘लाइक’कडे न पाहता उरलेल्या मराठी वाक्याकडे पाहावं. ‘लाइक’वर टोकलं तर पुढचं वाक्य सरळ इंग्रजीत येईल, आणि संभाषण तिथेच संपेल.

दुसरी तक्रार, हे शब्द पोकळ असल्याची. 2014 साली अमेरिकेत लोकांच्या रोजच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांवरून एक अभ्यास झाला. ‘आय मीन’, ‘यू नो’, ‘लाइक’ असे शब्द बायका आणि तरुण जास्त वापरतात असं त्यात दिसलं. नुसत्या ‘अं’मध्ये मात्र वयाचा किंवा बाई-पुरुषाचा तसा फरक नव्हता. आणि हे शब्द जास्त वापरणारे लोक स्वभावाने अधिक काळजीपूर्वक, जबाबदार असल्याचं आढळलं. संशोधकांचा अंदाज असा की अशा माणसांना आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत नीट पोचतंय ना, याची फिकीर असते. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही. पण आपण कुणाच्या सवयीला हसतो आणि कुणाच्या सवयीला शैली म्हणतो, हे तपासायला तो पुरेसा आहे. मुलीचं ‘म्हणजे, मला असं वाटतं की’ ऐकून बैठकीतला ज्येष्ठ तिला मध्येच तोडतो. तोच ज्येष्ठ स्वतः ‘मी काय म्हणतो, मुद्दा असा आहे, की एकंदरीत विचार केला तर’ असा अर्धा मिनिट घेतो आणि सगळे माना डोलावतात.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोललीच पाहिजे. काही जणांच्या बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ते काय’ हे तोतरेपणावर काढलेले उपाय असतात. विशिष्ट अक्षरापाशी आवाज अडकणार हे त्या माणसाला आधीच जाणवतं, मग तो एखाद्या सोप्या शब्दावरून धाव घेऊन त्या अक्षरावर पोचतो. स्वतःचं नाव सांगतानाही त्याला हे करावं लागतं. त्याची नक्कल करणं ही क्रूरता आहे, आणि ‘सावकाश बोल, घाबरू नकोस’ हा सल्लाही त्याला उपयोगी पडत नाही. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यावं, आपण मध्येच तोडू नये.

मुलाखती ऐकून कागदावर उतरवण्याचं काम मी वर्षानुवर्षं करते. त्यात हा प्रश्न दररोज समोर येतो. एका शेतमजूर बाईंच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या, “म्हटलं जाऊन यावं बाई, म्हटलं बघू तरी काय म्हणत्यात, तर तिथं ना, कुणी बसा बी म्हणंना.” छापायला सोपं करायचं म्हणून याचं ‘मी तिथे गेले, पण कुणी बसायलाही सांगितलं नाही’ असं करता येतं. मग दोनदा आलेलं ‘म्हटलं’ जातं, आणि त्यासोबत जायचं की नाही यावर त्यांनी मनाशी घातलेला वाद जातो. ‘बाई’ जातं, आणि मला त्यांनी जवळचं मानलं ते जातं. अपमान तेवढा उरतो. न्यायालयातही साक्षीदाराचं अडखळणं साक्षीच्या मजकुरात उतरत नाही. पण 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 18, नियम 12 असा आहे की साक्षीदाराच्या आविर्भावाबद्दल महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशाला नोंदवून ठेवता येतं. शब्दांपलीकडचं काहीतरी त्या अडखळण्यात असतं, हे कायद्यालाही मान्य आहे. बोलणं आपोआप लिहून देणारी संगणकीय साधनं मात्र बहुधा हे सगळं गाळून गुळगुळीत मजकूर हातात देतात. उलट 2018 च्या मे महिन्यात गूगलने केशकर्तनालयात फोन करून वेळ ठरवणारं यंत्र दाखवलं, तेव्हा त्या यंत्राच्या आवाजात मुद्दाम ‘अं’ आणि ‘म्हं’ घातलेले होते. ते ऐकून पलीकडच्या बाईंना माणूसच बोलतोय असं वाटलं, आणि ही फसवणूक आहे म्हणून जगभर ओरड झाली. माणसाच्या बोलण्यातून जे आपण खरडून काढतो, तेच यंत्राला माणूस बनवायला लागतं.

एवढं सगळं म्हटल्यावर, सवय कमी करावीशी वाटणाऱ्याने काय करावं? कारण कधी कधी ती खरंच आड येते. व्याख्यानाचं, वर्गाचं, न्यायालयातल्या युक्तिवादाचं गणित गप्पांपेक्षा वेगळं आहे. तिथे पाळी हिरावून घ्यायला कुणी टपलेलं नसतं, म्हणून जागा धरून ठेवायची गरजही नसते. 1924 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या मंडळांत, ज्यांच्या शाखा पुण्या-मुंबईतही आहेत, एक सभासद फक्त वक्त्याचे ‘अं’ मोजायला बसवलेला असतो. मोजण्याचा फायदा होतो हे खरं. नखं खाण्यासारख्या सवयी मोडण्यासाठी 1973 साली मानसशास्त्रात एक पद्धत मांडली गेली: सवय उमटायच्या आधीचा क्षण ओळखायला शिकायचं आणि त्या क्षणी दुसरं, निरुपद्रवी काही करायचं. 2016 साली ती मोजक्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या भाषणांवर लावून पाहिली, तेव्हा त्यांचे भरीचे आवाज बरेच कमी झाले. इथे ‘दुसरं काही’ म्हणजे तोंड मिटून थांबणं. फोनवर स्वतःचं पाच मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, एकच शब्द निवडा, तो कुठे येतो ते ऐका. बहुधा तो वाक्याच्या सांध्यावर येतो, वाक्याच्या पोटात नाही. सांधा ओळखू आला की तिथे थांबता येतं. सगळे शब्द एकदम सोडायला गेलं तर माणूस कृत्रिम बोलायला लागतो, आणि ते ऐकणाऱ्याला आणखी जड जातं.

शिक्षकांसाठी मात्र मी एक शब्द वेगळा काढेन: ‘कळलं ना?’ हा प्रश्न म्हणून विचारला जातो आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं वाक्य सुरू होतं. ज्याला कळलेलं नाही त्याला हात वर करायला जागाच उरत नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणारे आणि गप्प बसणारे कमी झाले, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली, आणि ज्यांच्याकडून शिक्षकांना काहीच अपेक्षा नव्हती अशीही मुलं बोलू लागली. आपल्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, परीक्षेचा भाग पुरा करायच्या घाईत तीन सेकंद फार वाटतात हे मला ठाऊक आहे. तरी ‘कळलं ना?’ ऐवजी ‘आता हे कोण सांगेल?’ असं विचारून मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायला पैसे लागत नाहीत, परिपत्रक लागत नाही, आणि उद्याच्या पहिल्या तासापासून ते करता येतं.